लाय आणि ले: इंग्रजीतलं पडणे-पाडणे

'द बुक इज लेइंग ऑन द टेबल' हे वाक्य व्याकरणाच्या पुस्तकात चूक आहे, पण ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे तेही सर्रास असं बोलतात. आपल्याला शाळेत कोष्टक घोकायला लावतात: लाय-ले-लेन (lie-lay-lain) आणि ले-लेड-लेड (lay-laid-laid). ते पाठ होतं, पण त्यामागची गंमत कोणी सांगत नाही. वास्तविक मराठी मुलांना ती चटकन कळावी.

आंबा आपोआप पडतो, पोरं दगड मारून तो पाडतात. मरणे-मारणे, चरणे-चारणे हेही तसंच. लाय म्हणजे आडवं होणं, पडून असणं. ले म्हणजे कोणीतरी काहीतरी ठेवणं, अंथरणं, घालणं. म्हणून ले म्हटलं की 'काय?' या प्रश्नाला उत्तर हवंच: विटा, फरशी, कोंबडीचं असेल तर अंडं. पुस्तक स्वतः काही ठेवत नाही, ते नुसतं पडलेलं असतं. तिथे लाइंगच हवं.

हे साम्य योगायोगाचं नाही. पतति-पातयति या संस्कृत जोडीतून आपले पडणे-पाडणे आले. पातयति मधला तो 'अय' मूळ भारोपीय भाषेतला, म्हणजे संस्कृत आणि युरोपातल्या बहुतेक भाषांच्या पूर्वज भाषेतला, आणि जर्मानिक भाषांकडेही (इंग्रजी, जर्मन वगैरे) त्याचाच वारसा गेला. त्यांच्या जुन्या 'लग्यन'सारख्या (ठेवणे) रूपातल्या 'य'ने आधीच्या 'अ'ला ओढून 'ए' केलं आणि जुन्या इंग्रजीत लिज्जन (पडून असणे) आणि लेज्जन (ठेवणे) अशी जोडी उभी राहिली. सिट-सेट, फॉल-फेल (झाड तोडून पाडणे) याच घराण्यातले. मला सगळ्यात आवडते ती ड्रिंक-ड्रेंच ही जोडी. आज ड्रेंच म्हणजे चिंब भिजवणं, पण मुळात अर्थ 'पाजणे'. गुराढोरांना तोंडातून औषध पाजण्याला इंग्रजीत अजूनही ड्रेंच म्हणतात.

घोळ होतो तो भूतकाळात. लायचा भूतकाळ नेमका ले! 'काल दुपारी मी जरा आडवा झालो' हे 'आय ले डाउन', लेड नव्हे. त्यात खोटं बोलणारा लाय वेगळाच. तो लेओगन या निराळ्या धातूतून आला, त्याचा भूतकाळ साधासुधा लाइड. जर्मनने लीगेन, लेगेन आणि ल्यूगेन असे तिघांना नीट वेगळे ठेवले. इंग्रजीत उच्चार झिजत गेले आणि तिघं एकमेकांच्या अंगावर आले.

'लॉ' (कायदा) हा शब्दही लेच्याच नात्यातला, मात्र तो जुन्या नॉर्समधून, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतून, इंग्रजीत आला. मूळ अर्थ: घालून दिलेलं.

आता राहिलं लेन. पुस्तकात ते दिसतं, बोलण्यात फारसं ऐकू येत नाही. तिथे लोक 'हॅज बीन लाइंग' म्हणून वेळ मारून नेतात. परीक्षेचा पेपर नसेल तर तुम्हीही तेच करा.