समुद्रतळाच्या गोट्यांत जस्ताचा हिशोब

कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये गेलं की पोरं आधी पळतात ती देवमाशाच्या सांगाड्याकडे, 1944 साली महीच्या मुखाशी सापडलेला तो निळा देवमासा आपल्या बडोद्यात सगळ्यांच्या ओळखीचा आहे. मला हल्ली तिथे उभं राहिलं की देवमाशाच्या कानाचं हाड आठवतं. खोल समुद्रात देवमासा मेला की बाकीची हाडं हळूहळू विरघळून जातात, पण कानाचं हाड एवढं घट्ट असतं की ते तळाशी उरतं, आणि मग त्याच्यावर नाहीतर शार्कच्या दातावर किंवा साध्या दगडाच्या कपच्यावर पाण्यातलं मँगनीज आणि लोखंड थराथराने चढत जातं आणि त्याचा गोटा बनतो. बोअरिंगच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर क्षार चढतात ना तसंच, फक्त वेग बघा, दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर!

भारतासाठी असा पहिला गोटा आपल्या 'गवेषणी' या संशोधन जहाजाने हिंद महासागरातून 26 जानेवारी 1981 ला वर काढला. सगळ्यांचं लक्ष त्यातल्या निकेल, कोबाल्ट, तांब्याकडे. पण हे धातू त्यात येतात कसे ते जास्त इंटरेस्टिंग आहे, मँगनीज-लोखंडाचे हे ऑक्साइड पाण्यातले धातू स्वतःला चिकटवून घेतात, म्हणजे पाण्यात जस्त वाढलं तर नव्या थरातही ते वाढणार.

कारखान्यांच्या प्रदूषणाची नोंद शोधायला खोल समुद्रातला गोटा मात्र उपयोगाचा नाही, त्यात शंभर वर्षांचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. बाल्टिकसारख्या उथळ समुद्रातले गोटे हजारो पटींनी भरभर वाढतात, तो समुद्रच मुळी हिमयुगाचा बर्फ वितळल्यावर झालेला. जर्मनीच्या कीलजवळचे असे गोटे कापून तपासले तर बाहेरच्या थरांत जस्त आतल्यापेक्षा बरंच जास्त निघालं. मग उलटा हिशोबही करता येतो, जस्त जिथून चढायला लागतं तिथून कारखान्यांचा काळ सुरू झाला असं धरायचं आणि त्याच्या बाहेरची जाडी मोजून गोटा वर्षाला किती वाढतो ते काढायचं. मला ही युक्ती फार आवडते.

पण एक अडचण आहे आणि ती खरंच वाईट वाटण्यासारखी आहे. पाण्यातला ऑक्सिजन संपला की मँगनीज परत विरघळतं. शेतातलं खत आणि शहरांचं सांडपाणी समुद्रात गेलं की शैवाल माजतं, ते मरून तळाशी कुजतं आणि ऑक्सिजन खाऊन टाकतं, म्हणजे एका प्रदूषणाची नोंद दुसरं प्रदूषण पुसून टाकतं.

आता आपल्याकडे या. बडोद्याच्या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं पाणी पन्नासएक किलोमीटरच्या कालव्यातून महीच्या मुखाकडे, खंभातच्या आखातात जातं. तिथे भरती-ओहोटीत दहा मीटरपर्यंत फरक पडतो, गाळ सतत ढवळत असतो, थरावर थर शांतपणे बसायला उसंतच नाही. म्हणून त्या पाण्यातलं जस्त, शिसं, क्रोमियम आजच्या आज आणि नेमाने मोजायला हवं आणि ते आकडे सगळ्यांना बघायला मिळायला हवेत, पन्नास वर्षांनी गोटा कापून बघू म्हटलं तर तिथे गोटाच सापडायचा नाही.