रुमानियाच्या मान्यतेची किंमत

मे 1877 मध्ये रुमानियाने ओटोमन साम्राज्यापासून स्वातंत्र्य जाहीर केले. त्याच वर्षीच्या रशिया-ओटोमन युद्धात प्लेवना हे ओटोमन ठाणे घेताना रशियनांच्या बरोबरीने रुमानियन सैनिकांनीही रक्त सांडले. तरी युद्धानंतरचा तह ठरवायला युरोपातल्या महासत्तांनी भरवलेल्या 1878 च्या बर्लिन परिषदेत रुमानियाला सदस्यत्व नव्हते. पंतप्रधान ब्रातियानू आणि परराष्ट्रमंत्री कोगाल्निचानू यांना एका बैठकीत बाजू मांडू दिली, एवढेच. दक्षिण बेसाराबिया हा रुमानियाचा प्रदेश रशियाने, म्हणजे युद्धातल्या मित्रानेच, घेतला आणि मोबदल्यात उत्तर डोब्रुजा पदरात पडला.

खरी कोंडी झाली ती बर्लिन करारातल्या 44व्या कलमाने. धर्मावरून कोणाचेही नागरी किंवा राजकीय हक्क नाकारायचे नाहीत, या अटीवरच स्वातंत्र्याला मान्यता मिळणार होती. सर्बिया आणि माँटेनेग्रोलाही अशीच अट होती. रुमानियात मात्र 1866 च्या राज्यघटनेचे 7वे कलम आडवे येत होते: परकीयांपैकी फक्त ख्रिस्ती माणसालाच नागरिकत्व मिळू शकत होते आणि तिथेच जन्मलेले ज्यूही परकीयच गणले जात.

1879 मध्ये ते कलम बदलले खरे, पण कसे? नागरिकत्व हवे त्या प्रत्येक ज्यूने अर्ज करायचा आणि संसदेने एकेका माणसासाठी वेगळा कायदा करायचा. युद्धात लढलेल्या सुमारे 900 जणांना तेवढे एकत्रित नागरिकत्व मिळाले. बाकीच्यांसाठी दार जेमतेम किलकिले झाले.

महासत्तांनी हे चालवून का घेतले? जर्मनीचा चॅन्सेलर बिस्मार्क याचा जीव रेल्वेत अडकला होता. स्ट्राउसबर्ग या उद्योगपतीच्या रुमानियन रेल्वेत जर्मन गुंतवणूकदारांचे पैसे बुडायची वेळ आली होती आणि रुमानियाने ती रेल्वे विकत घ्यावी, असा बर्लिनचा आग्रह होता. तो व्यवहार जमला आणि फेब्रुवारी 1880 मध्ये जर्मनी, ब्रिटन व फ्रान्सने मान्यता दिली. माझ्या मते ज्यूंचा प्रश्न तेव्हा सौदेबाजीत वापरला गेला आणि काम होताच सोडून दिला गेला.

पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसमध्ये तोच विषय अल्पसंख्याकांच्या कराराच्या रूपाने पुन्हा समोर आला. त्या ब्रातियानूंचे चिरंजीव तेव्हा पंतप्रधान होते. बाहेरच्यांनी घातलेली अट सार्वभौमत्वावर घाला आहे, असे म्हणत त्यांनी सप्टेंबर 1919 मध्ये सही करण्याऐवजी राजीनामा दिला. डिसेंबरात नव्या सरकारने सही केली. ज्यूंच्या नागरिकत्वावर घटनेची मोहोर उमटली ती 1923 मध्ये, आणि तेव्हा पंतप्रधानपदी पुन्हा तेच धाकटे ब्रातियानू होते.