गोवा पावडर

गोवा पावडर हे नायट्यावर (गजकर्णावर) लावायचे एकोणिसाव्या शतकातील एक नावाजलेले औषध. नाव गोव्याचे असले तरी ते गोव्यात पिकत नव्हते की बनतही नव्हते. ब्राझीलच्या बाहिया प्रांतातील अरारोबा नावाच्या वृक्षाच्या खोडातून ही भुकटी निघते. पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती गोव्यात उतरे आणि तेथून मुंबईसह हिंदुस्थानातील इतर बाजारांत जाई. घेणाऱ्याला फक्त मधले बंदर ठाऊक, म्हणून औषधाला त्या बंदराचेच नाव पडले.

वापरण्याची रीत सोपी होती. चिमूटभर भुकटी लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये कालवून चट्ट्यावर चोळायची. ती चुरचुरे, कातडी लाल होऊन सोलली जाई आणि नायटा उतरे. मुंबईचे औषधविक्रेते केम्प यांनी १८६० च्या दशकात या भुकटीविषयी लिहिले. (केम्प हे आडनाव मुंबईकरांच्या रोजच्या तोंडी आहे. केम्प्स कॉर्नरला ते मिळाले केम्प अँड कंपनी या औषधांच्या दुकानावरून.) ही भुकटी येते कुठून, हे मात्र तेव्हा विकणाऱ्यालाही नीट सांगता येत नसे.

उलगडा झाला तो दोन डॉक्टरांच्या लेखांतून. कलकत्त्यात बरीच वर्षे काढलेले शल्यचिकित्सक जोसेफ फेरर यांनी १८७४ मध्ये गोवा पावडरीची महती सांगणारा लेख लिहिला. तो बाहियातील डॉ. दा सिल्व्हा लिमा यांच्या वाचनात आला, आणि ही तर आपल्याकडचीच अरारोबा, हे त्यांनी १८७५ मध्ये दाखवून दिले. बाहियात नायट्यावर हाच उपाय चाले. वनस्पतिशास्त्रात या वृक्षाचे नाव आधी अँडिरा अरारोबा होते, आता व्हॅटेरिऑप्सिस अरारोबा आहे. वाटाणा-हरभऱ्याच्या कुळातला हा उंच जंगली वृक्ष. त्याच्या गाभ्यातील चिरांमध्ये भुकटी साठते, आणि झाड जितके जुने तितकी ती जास्त. झाड पाडून, ओंडके करून, कुऱ्हाडीने फोडून ती खरवडून काढतात. ताजी असताना ती फिकट पिवळी असते, पण हवा लागली की काळपट तपकिरी, जांभळट होत जाते. खरवडणाऱ्यांच्या डोळ्यांची आग होई आणि तोंड सुजे.

भुकटीत बहुतांश क्रायसोफॅनिक आम्ल (वनस्पतींत आढळणारे एक पिवळे द्रव्य) आहे, असा १८७५ मधील पहिला निष्कर्ष होता. लीबरमान आणि सायडलर या रसायनशास्त्रज्ञांनी १८७८ मध्ये तो दुरुस्त केला. भुकटीतील मूळ द्रव्य वेगळे असून हवेतील ऑक्सिजन लागल्यावर त्याचे क्रायसोफॅनिक आम्ल होते, असे त्यांनी दाखवले. शुद्ध केलेल्या या द्रव्याला क्रायसारोबिन म्हणतात. पावसाळ्यात कोकणात ज्याची भाजी करतात त्या टाकळ्याच्या बियांतही क्रायसोफॅनिक आम्ल सापडते. टाकळ्याचे संस्कृत नाव चक्रमर्द, आणि दुसरे नाव दद्रुघ्न, म्हणजे नायट्याचा नाश करणारा. गोव्यात उतरणाऱ्या या महागड्या परदेशी भुकटीचा लांबचा नातलग गोव्याच्याच बांधाबांधावर उगवत होता.

या औषधाचे खरे मोल कळले ते एका चुकीमुळे. सोरायसिसचे (कातडीवर लाल, खवलेदार चट्टे उठणारा, संसर्गजन्य नसलेला रोग) चट्टे नायट्याचे समजून एका रुग्णाने त्यांवर गोवा पावडर लावली आणि ते चट्टे ओसरले. लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बाल्मॅनो स्क्वायर यांनी ही गोष्ट हेरली आणि १८७६ पासून सोरायसिसवर हा उपाय रूढ केला. हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ उन्ना यांनी क्रायसारोबिनच्या मलमांवर पुढे पुष्कळ काम केले. पहिल्या महायुद्धात जर्मनीला ब्राझीलचा माल मिळेनासा झाल्यावर बायर कंपनीने क्रायसारोबिनशी मिळतेजुळते, फक्त एक मिथिल गट (कार्बन-हायड्रोजनचा छोटा अणुसमूह) कमी असलेले द्रव्य कारखान्यात बनवले. तेच डिथ्रॅनॉल. त्याचा वापर १९१६ मध्ये त्वचारोगतज्ज्ञ गालेव्हस्की आणि उन्ना यांनी प्रसिद्ध केला. इंग्लंडमधील लीड्सचे त्वचारोगतज्ज्ञ जॉन इंग्रॅम यांनी १९५३ मध्ये मांडलेली पद्धत तर अनेक वर्षे इस्पितळांत चालली: डांबराच्या पाण्याने स्नान, मग अतिनील किरण, आणि मग झिंक ऑक्साइड व स्टार्चच्या घट्ट लेपात कालवलेले डिथ्रॅनॉल. घट्ट लेपच हवा, कारण पातळ मलम पसरते आणि निरोगी कातडी भाजते.

डिथ्रॅनॉलचा गुण आणि दोष एकाच रासायनिक स्वभावातून येतात. ऑक्सिजनशी त्याची चटकन प्रक्रिया होते. त्यातून त्वचापेशींची बेसुमार वाढ मंदावते, त्यातूनच आग होते आणि डागही पडतात. मलमात ते आधीच खराब होऊ नये म्हणून सॅलिसिलिक आम्ल मिसळतात. भारतात मिळणाऱ्या अशा मलमांत बहुधा कोल टारही (दगडी कोळशाचे डांबर) असते. सोरायसिसच्या नव्या उपचारांपुढे या औषधाचा वापर आता बराच घटला आहे. नायट्यावर तर क्रायसारोबिन कोणी देत नाही, त्यासाठी बुरशीनाशक मलमे आणि गोळ्या आहेत.

डिथ्रॅनॉल आता रात्रभर ठेवण्याऐवजी बहुधा दहा मिनिटे ते तासभर ठेवून धुतात. हातमोजे घालून, चट्ट्याच्या कडेने व्हॅसलिनचे कुंपण करून ते फक्त चट्ट्यावर लावतात. चेहरा, काख आणि जांघ वर्ज्य. धुताना आधी नुसते पाणी वापरायचे, कारण साबणातील अल्कलीने डाग आणखी गडद होतो. चट्टा बरा झाला की तेवढी जागा फिकट दिसते आणि भोवतीची कातडी तपकिरी. कातडीचा रंग औषध थांबवल्यावर एकदोन आठवड्यांत जातो. चादरीवरचा जात नाही, म्हणून जुनीच चादर अंथरावी.