मुलांचं बीपी वाढतंय, म्हणजे नक्की काय वाढतंय?

‘मुलांचं बीपी वाढतंय’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. तेच मूल मोठं होताना त्याचा रक्तदाब चढतो, हा एक. आजच्या दहा वर्षांच्या मुलांचा रक्तदाब काही दशकांपूर्वीच्या दहा वर्षांच्या मुलांपेक्षा जास्त आहे, हा दुसरा. पहिली वाढ व्हायचीच. दुसरी झाली असेल तर कारण शोधावं लागतं. बातम्यांत मात्र दोन्हींची सर्रास सरमिसळ होते.

वयाबरोबरची वाढ आधी पाहू. पाचव्या वर्षी वरचं बीपी साधारण 95च्या आसपास असतं, पंधराव्या वर्षी 110च्या पुढे गेलेलं असतं. म्हणजे 115 हा आकडा पंधरा वर्षांच्या मुलाला ठीक, पाच वर्षांच्या मुलाला जास्त. म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या 2017च्या नियमावलीत तेरा वर्षांखालच्या मुलांचं बीपी वय, लिंग आणि उंची पाहून तक्त्याशी ताडतात. ते 95व्या पर्सेंटाइलला (म्हणजे तशाच शंभर मुलांपैकी पंच्याण्णव जणांचं बीपी ज्याच्या खाली असतं त्या आकड्याला) किंवा त्याच्या वर, आणि तेही तीन वेगवेगळ्या भेटींत आढळलं, तरच उच्च रक्तदाब म्हणायचं. तेराव्या वर्षापासून 130/80 ही सरळ रेषा. समवयस्कांत ज्याचं बीपी वरच्या बाजूला, त्याचं मोठेपणीही तसंच राहण्याचा कल दिसतो. पण हा कल मध्यमच आहे. एका आकड्यावरून मुलाचं भविष्य सांगणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावं.

पिढ्यांमधला फरक शोधायचा तर एकाच मुलाच्या मागे राहून भागत नाही. वेगवेगळ्या काळातली एकाच वयाची मुलं शेजारी ठेवावी लागतात. इथे उत्तरं एका सुरात येत नाहीत. अमेरिकेतल्या राष्ट्रीय पाहण्यांमध्ये 1988-94 आणि 1999-2000 या काळांदरम्यान 8 ते 17 वर्षांच्या मुलांचं सरासरी वरचं बीपी 1.4 आणि खालचं 3.3 अंकांनी वाढलेलं दिसलं. वजनवाढ हे त्यामागचं एक कारण. याउलट लुइझियाना राज्यातल्या बोगालुसा गावात 1974 ते 1993 या काळात मुलांमधला लठ्ठपणा भरपूर वाढला, तरी सरासरी रक्तदाब वाढला नाही. वजन वाढलं की बीपी वाढतं हे एकेका मुलाबाबत बरोबर. पण त्यावरून अख्ख्या पिढीचं बीपी चढलंच असणार, असा हिशेब मांडता येत नाही.

आणि मोजण्याची पद्धत? पाऱ्याच्या यंत्राची जागा स्वयंचलित यंत्राने घेतली की आकडे सरकतात. दंडाला लहान पडणारा पट्टा बीपी खोटंच वाढवून दाखवतो. पहिलं वाचन बहुधा नंतरच्यांपेक्षा जास्त येतं, त्यामुळे एका पाहणीत पहिलंच वाचन धरलं आणि दुसरीत तिन्हींची सरासरी, तर मुलं तशीच राहूनही आलेख हलतो. दोन दशकांची तुलना वाचताना मी आधी मोजणीची पद्धत बघतो, सरासरी नंतर.