अलिप्त म्हणजे कुणाशीच संबंध नाही?

‘अमेरिका-रशियाच्या भांडणात भारत अलिप्त होता, म्हणजे कुणाकडूनच काही घेतलं नाही,’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. शब्दच असा आहे की तसं वाटणं साहजिक. पण अलिप्तता म्हणजे लष्करी गटात न जाणं. व्यवहार दोघांशीही होता. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत मदतीने उभा राहिला, १९६२ च्या युद्धात शस्त्रं अमेरिकेकडे मागितली. ऑगस्ट १९७१ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला. त्याचं चौथं कलम काढून वाचा: भारताच्या अलिप्ततेचा आदर तिथे लिहून दिलाय. आणि बहात्तरच्या दुष्काळात आपल्या मराठवाड्यात रेशनवर ‘मिलो’ नावाची लाल ज्वारी आली, ती अमेरिकेतून. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्या भाकरीचा रंग त्यांना अजून आठवत असेल.