ध्वनिमाध्यमांतर : तबकडीकडून डाउनलोडकडे

गाणे, चित्रपट किंवा संगणकीय खेळ तबकडीच्या रूपाने विकत घेण्याऐवजी त्याची डिजिटल फाइल इंटरनेटवरून उतरवून घेण्याच्या पद्धतीकडे झालेले संक्रमण. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः ध्वनिमुद्रणाचा आणि त्यातही इंदूरच्या मराठी श्रोत्यांना जवळच्या असलेल्या ख्यालगायनाचा विचार केला आहे.

लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावत असे. इंदूर घराण्याचे उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) झुमरा तालात ज्या अतिविलंबित (अत्यंत संथ) लयीने गात, त्या लयीत चौदा मात्रांच्या एका आवर्तनालाच अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागे. म्हणजे एका बाजूवर जेमतेम चार-पाच आवर्तने बसली असती. त्यांचे मारवा आणि दरबारी हे राग साधारणतः १९६० च्या सुमारास दीर्घवादन तबकडीवर (एलपी) एकेका बाजूला आले, तेव्हा ही अडचण बरीच सैल झाली. पुढे १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने (सीडी) सलग ७४ मिनिटे दिली. हा आकडा बेथोव्हनच्या नवव्या सिंफनीवरून ठरला, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. परंतु तबकडीचा व्यास आणि दोन भागीदार कंपन्यांमधील वाटाघाटी यांतून तो निघाला, हे त्या प्रकल्पातील अभियंत्याचे मत अधिक ग्राह्य वाटते.

सीडीवर प्रत्येक सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेतले जातात. आरंभीच्या काळात डिजिटल ध्वनी व्हिडिओ टेपवर साठवत असल्याने हा आकडा आला : व्हिडिओ चित्राच्या दर ओळीत ३ नमुने, दर क्षेत्रात (अर्ध्या चित्रचौकटीत) २४५ ओळी आणि सेकंदाला ६० क्षेत्रे यांचा तो गुणाकार होय. सोळा बिटांच्या दोन (डाव्या व उजव्या) वाहिन्या धरल्या की सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट होतात. पाच मिनिटांचे गाणे मग ५३ मेगाबाइटांच्या आसपास जाते आणि सेकंदाला ५६ किलोबिटांच्या मोडेमवरून (दूरध्वनीच्या तारेवरून इंटरनेट जोडणाऱ्या उपकरणावरून) ते उतरवायला दोन तासांहून अधिक वेळ लागतो. एमपीथ्री पद्धतीत कानाला सहसा न जाणवणारा तपशील गाळून तेच गाणे १२८ किलोबिटांवर, म्हणजे अकराव्या हिश्शावर आणले जाते. डाउनलोड व्यवहार्य झाले ते यामुळे.

संक्रमणाचा आरंभ कोणत्या वर्षी मानावा याविषयी एकमत नाही. काही जण एमपीथ्रीचा अंतर्भाव असलेले मानक प्रसिद्ध झाले ते १९९३ हे वर्ष मानतात, काही नॅप्स्टर या गाण्यांच्या फाइली आपसांत वाटण्याच्या सेवेचे १९९९, तर काही आयट्यून्स हे ॲपल कंपनीचे ऑनलाइन गाण्यांचे दुकान उघडले ते २००३. भारतापुरते पाहता यांपैकी कोणतेच वर्ष फारसे उपयोगी नाही, कारण आयट्यून्सचे दुकान येथे २०१२ च्या अखेरीस आले. तोवर इंदूरसारख्या शहरांत शंभर-दीडशे गाण्यांची एमपीथ्री सीडी आणि त्यानंतर मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्डात ‘गाणी भरून घेणे’ हा मार्ग रुळला होता. त्यांतील पुष्कळशा प्रती विनापरवाना असत. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाल्यावर थेट प्रवाही श्रवण (स्ट्रीमिंग) वाढले आणि पैसे मोजून फाइल विकत घेण्याचा टप्पा बहुतेकांच्या वाट्याला आलाच नाही.

या स्थित्यंतरात सर्वांत मोठी हानी माहितीची झाली आणि तिची दखल फार कमी घेतली गेली. सामान्य सीडीवर गाण्यांची नावे नोंदलेली नसत, त्यामुळे संगणकात उतरवलेल्या बड्या ख्यालाचे नाव ‘ट्रॅक ०१’ एवढेच राही. १९९६ मध्ये फाइलच्या शेवटी १२८ बाइटांची एक चिठ्ठी जोडण्याची सोय झाली. तीत शीर्षक, कलाकार आणि संग्रह यांना प्रत्येकी ३० अक्षरे, वर्षाला ४, शेऱ्याला ३०, प्रकाराला एक बाइट आणि उरलेले तीन बाइट ओळखखुणेचे. राग, ताल, तबलजी, सारंगिये यांना तीत स्वतंत्र जागाच नव्हती आणि नावे रोमन लिपीत लिहावी लागत. १९९८ च्या सुधारित आवृत्तीत युनिकोड (जगातील बहुतेक लिप्यांसाठीची सामाईक संगणकीय अक्षरसंकेत-पद्धत), म्हणून देवनागरीही शक्य झाली. पण तोवर पसरलेल्या फाइलींच्या चिठ्ठ्या जुन्याच राहिल्या. त्यामुळे मुद्रणाची ओळख पटवायला मूळ तबकडीच पाहावी लागते. इंदूरजवळच्या पिगडंबर येथील, लता मंगेशकरांच्या नावाने उभ्या असलेल्या ग्रामोफोन तबकड्यांच्या संग्रहालयाचे महत्त्व यात आहे : तबकडीच्या मधल्या कागदी चकतीवर गायकाचे नाव आणि कंपनीचा क्रमांक छापलेला असतो.

चित्रपटांच्या डीव्हीडी व संगणकीय खेळ यांतही असेच संक्रमण झाले. मात्र त्यांच्या फाइली मोठ्या असल्याने ते उशिरा घडले.