सिनेमातला लष्करी गणवेश मुद्दाम चुकवतात का?

अमेरिकी युद्धपटात सैनिकाच्या उजव्या बाहीवर झेंडा सुलटा दिसला की तिथले माजी सैनिक चरफडतात. तिथे ताऱ्यांचा चौकोन पुढच्या बाजूला हवा. धावणाऱ्या सैनिकाच्या हातातला झेंडा मागे फडकावा तसा. मग कुणीतरी हमखास सांगतं, ‘हुबेहूब गणवेश घालणं बेकायदा आहे, म्हणून मुद्दाम चूक ठेवतात.’ हे साफ खोटं आहे. तिथला कायदा नटांना गणवेश घालायची मुभा देतो. सैन्याची बदनामी होऊ नये ही अट होती, तीही सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये रद्द केली. ह्यूस्टनच्या भरती केंद्रासमोर युद्धविरोधी नाटुकलं करणाऱ्या तरुणाच्या खटल्यात. त्यामुळे कायद्याची ढाल पुढे करू नका. एखादा जाणता माजी सैनिक सेटवर असेल, तर तो झेंडा शॉटच्या आधीच योग्य दिशेला करून घेईल.